सहीवाल्या ब्रँडीचा रंग

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आमच्या विभागाच्या या दिवाळी अंकाचे संपादक दर श्रावणात फोन करतात आणि म्हणतात, "तळेकर, गळ्यात माळ घालून तुम्ही पस्तीस वर्षं दारू विकलीत, एक थेंब न पिता. त्यावर काहीतरी गमतीचं लिहा." मी दर वेळी डोळ्यांचं कारण पुढे केलं. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला, आता दिसतं. थोडं गमतीचं लिहीनही. पण दुकानाबद्दल लिहायचं म्हणजे दत्ताराम घाडीबद्दल लिहायला हवं, आणि त्याच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. ज्या बाटलीमुळे घाडीची नोकरी गेली, ती बाटली खरी होती. हे मला त्यानंतर सात-आठ महिन्यांत कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. चिंचपोकळीला घाडी ज्या चाळीत राहायचा तिथे हा अंक जातो. त्याला ज्यांनी 'भेसळवाला' म्हटलं त्यांच्यातले काहीजण अजून तिथेच आहेत. त्यांनी पुढचं वाचावं.

आमचं दुकान हिंदमाताकडून भोईवाड्याकडे जाताना लागायचं. पाटीवर 'वाईन शॉप'. मुंबईत दारूच्या दुकानाला वाईन शॉपच म्हणतात. प्रत्यक्ष वाईन मागणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. पुढे लोखंडी जाळी, जाळीला बाटली बाहेर जाईल एवढी खिडकी, आत छतापर्यंत फळ्या. शेठ गल्ल्यावर, मी खिडकीशी, घाडी मागे मालावर. गिऱ्हाईक खिडकीशी सरासरी अर्धं मिनिट उभं राहतं. तेवढ्यात त्याला काय हवं, त्याच्या खिशाला काय परवडतं आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना ही त्याची काळजी, या तिन्हींचा अंदाज घ्यावा लागतो. ओळखीच्या माणसाला ओळख दाखवायची नाही, हा धंद्याचा पहिला नियम. माझ्या स्वतःच्या मेहुण्याला मी अकरा वर्षं अनोळखी माणसासारखी रम विकली.

ब्रँडीचं मात्र वेगळं. आमच्याकडच्या लोकांनी ब्रँडीला दारूत कधी धरलं नाही. हिंदमाताला साड्या घ्यायला आलेल्या बायका पिशव्या सांभाळत सरळ खिडकीशी यायच्या, पदर सारखा करून "ब्रँडी द्या, औषधाला" म्हणायच्या. बाळंतिणीला दोन चमचे, लहान मुलाच्या छातीला चोळायला, म्हाताऱ्यांच्या थंडीला. एकदा परळचीच एक बाई आली.

"दादा, ब्रँडी द्या. बाळंतिणीला."

"चपटी देऊ?"

"नाही, खंबा."

चपटी म्हणजे छोटी बाटली, खंबा म्हणजे पूर्ण. मी विचारलं, "बाळंतीण एकच आहे ना?"

ती म्हणाली, "बाळाचा बापपण फार अशक्त झालाय."

या समजुतीला कायद्याचाही टेकू आहे. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि परवान्यावर दारू प्रकृती टिकवण्यासाठी घेतो असं छापलेलं असतं. पस्तीस वर्षांत माझ्या हातून गेलेला प्रत्येक थेंब कागदोपत्री औषध होता.

मी पीत नव्हतो, तरी मालाची पारख माझ्याकडे होती. हे लोकांना विचित्र वाटायचं. मी म्हणायचो, सोनार सोनं खातो का? परदेशी दारूच्या रिकाम्या बाटल्या भंगारात चांगल्या किमतीला जातात, आणि त्या पुन्हा भरून विकणारे लोक असतात. ते ओळखायला जीभ लागत नाही. झाकणावरची पट्टी बघायची, लेबलाच्या कडेला गोंद फुगलाय का ते बोटाने चाचपायचं, बाटली उलटी करून बुडबुडे किती वेळ टिकतात ते मोजायचं, शेवटी उजेडात धरून रंग बघायचा. एकदा उत्पादन शुल्क खात्याचा एक अधिकारी जप्त केलेल्या स्कॉचच्या सहा बाटल्या घेऊन दुकानात आला. त्यातल्या चार खऱ्या होत्या. मी चार-पाच मिनिटांत दोन खोट्या बाजूला काढल्या. त्याने नुसती मान हलवली आणि चहा प्यायला. त्या दिवसापासून शेठ कुणालाही सांगायचे, "आमच्या तळेकरांनी बघितलं म्हणजे झालं." मला ते आवडायचं. याच लेखात ते दोनदा लिहून खोडलंय, यावरून अजूनही आवडतं असं दिसतं.

घाडी आमच्याकडे आला तो गिरणी बंद पडल्यावर. साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, वीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे जरा मोठ्याने बोलायचा आणि समोरच्याचे ओठ बघून ऐकायचा. मूळचा मालवणकडचा. माझ्याशी निम्मं मालवणी, निम्मं मुंबईचं बोलायचा. मी त्याला अरेतुरे करायचो. तो चार वर्षांनी लहान, मला तुमी म्हणायचा. मालावर त्याचा हात चांगला होता. पेटी उघडताना खिळा वाकडा होऊ द्यायचा नाही. महिन्यातून एकदा, पगाराच्या शनिवारी, घरी जेवणाआधी थोडी घ्यायचा आणि सोमवारी मला चव सांगायचा. मला चवीतलं जे काही ठाऊक आहे ते त्याच्याकडून ऐकलेलं.

त्याची एक खोड होती. परदेशी ब्रँडीच्या रिकाम्या बाटल्या तो घरी न्यायचा. नेहमीची दोन-तीन गिऱ्हाइकं त्याच्यासाठी आठवणीने परत आणून द्यायची. काच जाड, तोंड रुंद, वर खरं बूच. गावाहून आगळ यायचं, म्हणजे सोलकढीला लागतो तो कोकमाचा खारवलेला रस. तो प्लास्टिकच्या कॅनमधून या बाटल्यांत भरायचा आणि ओळखीच्यांना वाटायचा. दर मे महिन्याच्या शेवटी एक बाटली माझ्या घरी यायची. सौ. म्हणायची, "तुमच्या दुकानातली एवढीच बाटली घरात चालते."

आता त्या ब्रँडीबद्दल सांगतो. फ्रान्समध्ये द्राक्षांची ब्रँडी सगळीकडे करतात, पण 'कॉन्यॅक' हे नाव एकाच भागातल्या ब्रँडीला लावता येतं. आपल्याकडे देवगडचा हापूस आणि बाकीचा आंबा, तसं. कॉन्यॅक आमच्या भागात कोण घेणार? लग्नात सासऱ्याला द्यायला एखादा. पण त्या भागाबाहेरच्या एका घराण्याची ब्रँडी आमच्याकडे यायची, कॉन्यॅकच्या निम्म्याहून कमी किमतीला. मोठी कंपनी नव्हती. बाप, मग मुलगा, असा चालत आलेला घरचा धंदा. लेबलवर त्यांच्या घराचं छोटं चित्र आणि खाली घराण्यातल्या माणसाची तिरकी सही. नाव कुणाला धड उच्चारता यायचं नाही, म्हणून दुकानात तिला आम्ही 'सहीवाली' म्हणायचो.

ब्रँडी भट्टीतून निघते तेव्हा पाण्यासारखी असते. ती ओक नावाच्या झाडाच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात, आणि लाकूड तिला रंग देतं, वास देतं. सहीवालीबद्दल घाडी म्हणायचा, "पहिल्यांदा फणसाच्या फळीचो वास येता, मगे मनुक्यांचो." पण सगळी पिंपं सारखा रंग देत नाहीत. म्हणून पुष्कळजण बाटलीत भरताना थोडी जाळलेली साखर घालतात, म्हणजे दर वर्षीचा माल एकसारखा गडद दिसतो. साखरेचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की सहीवालीचा रंग दूध घालण्याआधीच्या पक्क्या चहासारखा असतो. खिडकीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकासारखी माझीही समजूत होती की गडद म्हणजे अस्सल आणि फिकी म्हणजे पाणी घातलेली.

सहीवालीचं सगळ्यात नेमकं गिऱ्हाईक म्हणजे नायगावचे राऊळ. महापालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. स्वतः पीत नसत. त्यांचे वडील बोटीवर इंजिनखात्यात होते, आणि फ्रान्सच्या बंदरातून याच घराण्याची बाटली घरी आणायचे. वडील गेल्यावर दर सर्वपित्री अमावास्येला राऊळांच्या गच्चीत केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर आणि बाजूला एका पेल्यात ही ब्रँडी ठेवली जायची. कोकणातल्या बऱ्याच घरांत असं आहे. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानाशी ठेवायचं. कावळा शिवला की पितर तृप्त. राऊळ अमावास्येच्या दोन दिवस आधी यायचे, एक बाटली न्यायचे. वर्षभर घरात सर्दी-खोकल्याला तीच.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या खेपेला सहीवालीची एकच बाटली आली होती. आधीची एक कपाटात होती, पण तिच्या लेबलवर ओलीचा डाग. राऊळ म्हणाले, "डागाची नको, वडिलांसाठी आहे." घाडीने नवी कागदात गुंडाळून दिली. परदेशी मालाच्या त्या कपाटाला दोनच किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, एक घाडीकडे.

अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच राऊळ आले. हातात तीच बाटली, वरून चार बोटं कमी. खिडकीशी सात-आठ माणसं होती.

"तळेकर, कावळा शिवला नाही."

मी म्हटलं, "काय झालं?"

"तासभर गच्चीत उभे होतो. नायगावात कावळ्यांना काय तोटा आहे का? कठड्यावर ओळीने बसले होते. पानाकडे बघायचे आणि उडायचे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. माझी आई नव्वदीची आहे. ती मला विचारते, मेल्या, बाबांना तू पाजलंस तरी काय?"

रांगेतला एकजण म्हणाला, "काका, कावळ्याला सोडा लागत असेल."

दोघे-तिघे हसले. राऊळ हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी बाटली जाळीला टेकवली. "रंग बघा. दर वर्षीचा हा रंग आहे का? मी पंधरा वर्षं नेतोय."

रंग खरोखरच वेगळा होता. पिवळसर, नव्या मधासारखा. मी कपाटातली डागाची बाटली काढून शेजारी धरली. एक चहा, दुसरी मध. माझाच एक नियम होता की झाकणावरची पट्टी बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. मी पट्टी मागितली. ती त्यांनी निर्माल्याबरोबर टाकली होती. तिथे मी थांबायला हवं होतं. पण खिडकीशी माणसं होती, शेठ गल्ल्यावरून बघत होते आणि राऊळ म्हणत होते, "तुमच्यावर विश्वास म्हणून इथे येतो."

शेठनी विचारलं, "तळेकर, बोलो. असली की नकली?"

मी म्हणालो, "भरलेली आहे."

भरलेली म्हणजे रिकाम्या बाटलीत दुसरा माल भरलेली. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट शब्द नाही.

शेठनी राऊळांची माफी मागितली, डागाची बाटली दिली, रांग संपवली आणि अर्धी जाळी खाली ओढली. मग म्हणाले, "कपाटाला किल्ल्या दोन. बाटली बदलली कोणी?"

हा प्रश्न येणार हे मला 'भरलेली' म्हणताना सुचलं नव्हतं. आता सुचलं. घाडी नाही तर मी. माझ्या घरात तेव्हा मुलीचं लग्न ठरलेलं होतं, पण ते कारण मी पुढे करणार नाही. लग्न ठरलेलं नसतं तरी मी तेच बोललो असतो असं मला वाटतं.

मी म्हणालो, "घाडी सहीवालीच्या रिकाम्या बाटल्या घरी नेतो."

शेठनी घाडीची पिशवी उघडायला लावली. आत छत्री होती आणि धुतलेल्या दोन रिकाम्या बाटल्या. घाडीला काय चाललंय ते आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आगळासाठी नेतंय," तो म्हणाला. "तळेकरांका इचारा. त्यांच्या घराकय दिलंय."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नेतो एवढं मला माहीत आहे. कशाला नेतो ते त्यालाच ठाऊक."

त्या वेळी माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर त्याने दिलेली बाटली होती. आगळ निम्मं संपलेलं.

 घाडीने राऊळांच्या बाटलीकडे हात केला. "माका एक घोट चाखूक द्या. मी सांगतंय खरी की खोटी."

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करायचं?"

मी म्हणालो, "ज्याच्यावर संशय त्यालाच कसं विचारायचं?"

दुकानात ती ब्रँडी ओळखणारी जीभ एकच होती. शेठ स्कॉचवाले, मी माळकरी. त्याने चाखली असती तर त्याला कळलं असतं. शेठनी बाटली मोरीत ओतली. माल आणणाऱ्या कंपनीला कळवू नका म्हणाले, लायसन्सचा प्रश्न होईल, बोभाटा नको. त्यामुळे ती बाटली पुढे कुणी तपासलीच नाही. घाडीला त्याच दिवशी दुपारी काढलं. जाताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली, छत्री घेतली आणि रिकाम्या बाटल्या तिथेच ठेवल्या.

बोभाटा नको म्हटलं तरी रांगेतल्या माणसांनी ऐकलेलं होतं. चिंचपोकळी दूर नाही. घाडी चाळीच्या गणपतीत दहा दिवस तीर्थप्रसादाला बसायचा. पंचामृत त्याच्या हातचं असायचं. पुढच्या वर्षी त्याला बसू दिलं नाही. कुणी तोंडावर बोललं नाही. एकाने फक्त विचारलं म्हणे, "घाडीनू, पंचामृतात काय काय घालतास?" हे मला दुकानात येणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याने हसत सांगितलं. मी त्याला सुटे पैसे दिले.

सात-आठ महिन्यांनी माल आयात करणाऱ्या कंपनीची एक मुलगी आली. डोंबिवलीची, चुणचुणीत. पिशवीतून सहीवालीच्या दोन बंद बाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींचा रंग मधासारखा.

"सर, फिक्या रंगाची तक्रार तुमच्याकडे आली का? सगळीकडून येतेय, म्हणून फिरतेय."

मी म्हटलं, "हा माल कसला?"

"तोच. म्हातारे मालक गेले, आता त्यांची मुलगी बघते. तिने जाळलेली साखर घालणं बंद केलं. म्हणते, पिंपातून जो रंग येईल तोच द्यायचा. सहीखाली लिहिलंय, बघा." तिने नखाने एक बारीक ओळ दाखवली. "पण फ्रेंचमध्ये. इथे कोण वाचणार?"

मी विचारलं, "बदल कधीपासून?"

तिने वही बघून आमच्या दुकानाची खेप सांगितली. राऊळांची बाटली होती तीच. सहीही बदललेली होती. आधीची तिरकी, ही उभी. राऊळांच्या बाटलीवर कोणती होती ते मला आठवेना. आम्ही जिला सहीवाली म्हणायचो तिची सही मी बघितलीच नव्हती.

मुलगी म्हणाली, "गिऱ्हाइकांना जरा समजावून सांगाल ना, सर?"

मी हो म्हणालो आणि समजावलंही. पुढची दोन वर्षं खिडकीशी मी लोकांना सांगत होतो की फिकी असली तरी खरी आहे, साखर काढलीय, उलट चांगली. फक्त शेठना मी 'नवा माल आता फिका येतो' एवढंच सांगितलं. आधीच्या बाटलीचा विषय काढला नाही. त्यांनाही तो काढायचा नसावा. घाडी गेल्यावर मालाचंही सगळं माझ्याकडे आलं होतं आणि कपाटाच्या दोन्ही किल्ल्या.

त्या वर्षी सर्वपित्रीला राऊळ पुन्हा आले. मी त्यांना रंगाचं सांगितलं, बाटली दिली. अमावास्येनंतर ते मुद्दाम येऊन सांगून गेले, "तळेकर, यंदा पान ठेवलं आणि कावळा शिवला. आईने हात जोडले. तुमच्या त्या चोराला काढलंत ते बरं केलंत."

मी म्हणालो, "आईंना नमस्कार सांगा."

यानंतर मी घाडीला भेटायला तीनदा निघालो. पहिल्यांदा त्याच्या चाळीच्या जिन्यापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा घरात गेलो, तो कामावर होता. त्याच्या बायकोने चहा दिला, माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली. तिच्या वागण्यात राग नव्हता, त्यामुळे बसवेना. तिसऱ्यांदा मी त्याच्या कामावरच गेलो. तो एका टॉवरच्या फाटकावर वॉचमन होता. टॉवर परळलाच, एका जुन्या गिरणीच्या जागेवर. मी तोवर निवृत्त झालो होतो. मला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मनाची तयारी पूर्ण झाली होती.

तो खुर्चीतून उठला. "इलास? बसा. चाय घेतास?"

दुसरी खुर्ची नव्हती. त्याने मला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः फाटकाला टेकून उभा राहिला. फाटकावरच्या वहीत माझं नाव लिहिलं. कुणाकडे आलात या रकान्यात त्याने स्वतःचं नाव घातलं आणि हसला. "माझ्याकडे पयलोच माणूस इलो."

मी म्हणालो, "घाडी, त्या दिवसाबद्दल बोलायला आलोय."

"माका ठावक हा." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "तुमी त्या दिसाक घाबारलास. दोनच चावयो. माझ्याकडे नाय तर तुमच्याकडे. आगळाचा तुमी बोलूक नाय, ता मी सोडून दिलंय. पोटासाठी माणूस घाबारता."

मला बोलायला त्याने वाट मोकळी करून दिली होती. मी तोंड उघडलं, पण तोच पुढे बोलू लागला.

"पण तुमची नजर चुकाची नाय. तुमी खोटी म्हटलास म्हणजे ती खोटीच असतली. मगे ती बदलल्यान कोणी? हय बसान मी ह्योच विचार करतंय. माझी चावी पिशयेत असायची. पिशयेक हात कोण लावी?" त्याने आवाज खाली आणला. "प्रकाश."

प्रकाश म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा. तिशीतला, टेम्पो चालवायचा. त्या दिवसांत घाडीचा डबा तोच आणून द्यायचा. मला तो आठवत होता. कपाटाशेजारी उभा राहून बाटल्यांची नावं वाचायचा.

"त्याका मी आता घराक येव देत नाय," घाडी म्हणाला.

"तो काय म्हणतो?"

"रडता. आणि काय म्हणतलो."

"घाडी, तो नसेल."

"मग कोण?" त्याने माझ्याकडे बघितलं, ओठांकडे, जुन्या सवयीने. "तुमका काय म्हायत हा?"

इतक्यात टॉवरमधली एक गाडी फाटकाशी आली, तो धावत फाटक उघडायला गेला, सलाम केला, परत आला. तेवढा वेळ मला मिळाला होता. एका दमात सांगण्यासारखं होतं. पण आता ते सांगितलं असतं तर माफी एका चुकलेल्या पारखीची राहिली नसती. सात-आठ महिन्यांत कळलेलं मी पाच वर्षं गिळलं, आणि त्या पाच वर्षांत त्याने बहिणीच्या घराशी नातं तोडलं, हेही त्यातच आलं असतं. शिवाय ज्या नजरेच्या भरवशावर तो भाच्याला चोर म्हणत होता ती नजर खोटी होती, हे त्याच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. माझ्याच्याने झालं नाही.

मी म्हणालो, "नाही. पण प्रकाश नसेल असं वाटतं."

"तुमी चांगल्या मनाचे," तो म्हणाला.

त्यानंतर गुडघे गेले म्हणून घाडी गावी गेला. मी चौकशी करत राहिलो, शेजाऱ्याकडून नंबर मिळवला, नंबर पाकिटात ठेवला. गेल्या वैशाखात एका सकाळी देवपूजा झाल्यावर फोन लावला. लावण्याआधी काय बोलायचं ते ठरवून दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. कानाने त्याला कमी ऐकू येतं, म्हणून वाक्यं लहान ठेवली होती. घाडी, बाटली खरी होती. प्रकाशने काही केलं नाही. तू काही केलं नाहीस. मला सगळं ठाऊक होतं. मला माफ कर.

फोन त्याच्या मुलीने उचलला. मी नाव सांगितलं.

"तळेकरकाका? दुकानातले?" तिचा आवाज मऊ झाला. "काका, बाबांना जाऊन चार महिने झाले. तुम्हाला कळवायला नंबर नव्हता हो."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

"तुमचं नाव सारखं निघायचं. म्हणायचे, तळेकरांसारखी पारख कुणाची नाही."

मी विचारलं, "प्रकाश आला होता का? बाराव्याला?"

"नाही. बाबांनीच सांगून ठेवलं होतं, येऊ द्यायचं नाही." मग तिने विचारलं, "काका, काही निरोप होता का? आईला सांगू?"

मी म्हणालो, "नाही गं. सहज केला होता."